लाल पट्ट्यांची पाने

पॅटर्नवाल्या मिस्त्रींच्या खिशात कायम एक खोटी पट्टी असायची. दिसायला इतर पट्ट्यांसारखीच, पोलादी, एका टोकाला भोक असलेली. मी फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, नवा लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती माझ्या पट्टीशेजारी ठेवून पाहिली आणि तावातावाने त्यांना सांगितले, "मिस्त्री, तुमची पट्टी चुकलीय. तिचा फूट तीन मिलिमीटरने लांब आहे."

त्यांनी रंधा थांबवला, कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्याकडे दया आल्यासारखे बघितले. "लोखंड वतलं की गार होताना आकसतंय, लेका. शंभराला एक. म्हणून पॅटर्न तेवढा थोरला करायचा. माझी पट्टी खोटी हाय म्हणून तर तुमचं कास्टिंग खरं येतंय!" सगळे शॉप हसले. त्या दिवसापासून मी 'मायक्रोमीटर' झालो. आता माझे केस पांढरे झाले, पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुनी माणसे भेटली की अजून हाक येते, "काय मायक्रोमीटर, बरं हाय न्हवं?"

पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. तो वाळूत दाबून काढला की त्याच्या आकाराची पोकळी राहते आणि तिच्यात वितळलेले लोखंड ओततात. गार होऊन जे निघते ते कास्टिंग. मिस्त्री सागवानातून पंपाचे असे नमुने करायचे. माझे काम शेवटचे. तयार मालाचे माप घ्यायचे, बसत नसेल तर त्यावर फुली मारायची. सव्वीस वर्षे हेच केल्यामुळे स्वभावही तसाच झाला आहे. म्हणून इथे जे आकडे येतील ते मी स्वतः मोजलेले आहेत. रागाचा आकडा तेवढा मला काढता आलेला नाही.

मिस्त्रींचा पॅटर्न पूर्ण झाला की ते त्याला काळा रंग देत, आणि ज्या बाजूवरून पुढे मशीनवर कापायचे असेल ती बाजू लाल. तिथे ते मुद्दाम दोन-तीन मिलिमीटर माल जास्त ठेवत. ओतलेले लोखंड खडबडीत येते, ते कापून गुळगुळीत करायला अंगावर माल लागतोच. "लाल म्हंजे निरोप हाय," ते म्हणत. "पुढच्या माणसाला. हितनं तुझं काम सुरू हुतंय, असं सांगायचं त्याला." पॅटर्नच्या पाठीवर ते पेन्सिलने लिहीत, 'शंका आली तर विचारा.' खाली सही नाही, फक्त 'मिस्त्री'. आणि खरोखर कुणी शंका घेऊन आला, तर तो कालचा पोरगा असला तरी त्याला स्टुलावर बसवून चहा पाजत. न विचारता माल बिघडवणाऱ्याला मात्र जे ऐकून घ्यावे लागे ते इथे लिहिता येणार नाही.

असा माणूस कादंबरी लिहायला बसला तो रागाने.

आमच्या कोअर शॉपमध्ये हिराबाई होत्या. पंप आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात वाळूचा एक गाभा बसवतात, तो कोअर. लोखंड ओतून झाले की तो फोडून टाकायचा. बाईने केलेली वस्तू अशी रोज मोडायची आणि रोज नव्याने करायची. एकवीस वर्षांनी हिराबाई निवृत्त झाल्या, तेव्हा साहेबांनी शाल दिली आणि भाषणात त्यांचा उल्लेख 'आपल्या कोअर शॉपमधील एक ज्येष्ठ भगिनी' असा केला. तीन मिनिटांच्या भाषणात एकदाही नाव नाही. हिराबाई पहिल्या रांगेत शाल मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

बाहेर पडल्यावर मिस्त्री मला म्हणाले, "मायक्रोमीटर, मोज बघू. दिवसाला साठ कोअर. एकवीस वरसं."

मी तिथल्या तिथे हिशेब केला. "पावणेचार लाखांच्या वर होतात."

"पावणेचार लाख पंप. त्यातनं पाणी जातंय ते हिच्या हातानं केलेल्या पोकळीतनं. आणि त्या भाड्याला हिचं नाव ठावं न्हाय!" थोडे चालले आणि थांबले. "मी लिवतो तिच्यावर. चांगलं थोरलं."

मिस्त्री सातवी शिकलेले. वाचन मात्र दांडगे, कारखान्याजवळच्या वाचनालयातले कपाट त्यांनी दोनदा संपवले होते. कागद त्यांनी विकत आणला नाही. पंपाचे ड्रॉइंग बदलले की जुन्यावर 'रद्द' असा शिक्का बसतो आणि ते रद्दीत जाते. त्याची पाठ कोरी असते. ते कागद मिस्त्रींनी साहेबांकडून रीतसर मागून घेतले, आणि नुसते मागून घेऊन भागले नाही, दर वेळी गेटपास करायला लावला. गेटपासवर मी सही करायचो. 'रद्द ड्रॉइंग, नग बारा.' सात वर्षांत मी असे एक्केचाळीस गेटपास सही केले. आमच्या फौंड्रीतून सहा किलोचे पितळ डब्यातून बाहेर गेलेले मी पाहिले आहे. रद्द कागदाला गेटपास मागणारा एवढा एकच माणूस पाहिला.

दर रविवारी सकाळी ते लिहिलेले घेऊन हिराबाईंच्या घरी जात आणि वाचून दाखवत. मी दोन-तीनदा सोबत गेलो. हिराबाई शेंगा निवडत ऐकायच्या आणि मान वर न करता अडवायच्या. "मी रडलो न्हाय तवा. खोटं लिवू नका." किंवा, "त्या दिवशी वांगं न्हवतं डब्यात. आमटी हुती." आमच्याकडच्या जुन्या बायका अशाच 'मी आलो, मी गेलो' बोलतात, आणि मिस्त्रींनी ते तसेच ठेवले. वांगे मात्र त्यांनी खोडले. वांग्यावर अर्धे पान लिहिले होते, तेही गेले. परत येताना म्हणाले, "चांगलं हुतं रे वांगं. पण मापात न्हवतं."

त्यांची एक लाडकी उपपत्ती होती. "गोष्टबी आकसती. आपण सांगतो तवा ती तापलेली असती. वाचणाऱ्याच्या डोस्क्यात गार हुताना बारकी हुती. म्हणून लिवताना खोट्या पट्टीनं लिवायचं." कादंबरी तीनदा लिहिली. शेवटचा खर्डा आखीव कागदावर, चारशे बारा पाने, एका बाजूला. नाव 'दुसरी शिफ्ट'.

पहिल्यांदा ती त्यांनी शहरातल्या एका साहित्य मंडळात वाचली. अध्यक्षांनी आधी शिक्षण विचारले. मग एक प्रकरण ऐकून म्हणाले, "अनुभव आहे. पण भाषा घासायला हवी." माझी तिथेच तळपायाची आग मस्तकात गेली. मिस्त्री मात्र बाहेर येऊन खुशीत. "घासायची म्हणालं. म्हंजे माल जादा हाय. कमी न्हाय! कमी असता तर काय केलं असतं? लोखंड चिकटवता येत न्हाय."

मग प्रकाशक. पहिल्याने चौदा महिने ठेवली आणि एका ओळीचे उत्तर पाठवले, त्यात कादंबरीचे नाव 'दुसरी शिफारस' असे लिहिले होते. दुसऱ्याने फोनवर सांगितले की ग्रामीण साहित्य म्हणून ठीक आहे, पण त्यात ग्रामीण वास्तव कमी पडते. दुष्काळ नाही, नापिकी नाही.

"सायेब, ह्यो कारखाना हाय," मिस्त्री म्हणाले. "आणि आमच्या गगनबावड्याला या पावसात. छत्री घिऊन नका येऊ, उडून जाती. कुठनं आणू दुष्काळ?"

पलीकडून सांगण्यात आले की वाचकाला काय हवे ते पाहावे लागते. कोल्हापूरच्या माणसाने काय सोसावे हेसुद्धा दुसऱ्या गावात ठरते, हे मला त्या दिवशी कळले.

तिसऱ्याचे पत्र आले. ते माझ्याकडे अजून आहे. 'आपली कादंबरी आमच्या संपादक मंडळाने बारकाईने वाचली. आवश्यक ते संपादकीय संस्कार करून ती प्रकाशित करण्यात आम्हांस आनंद वाटेल. अंतिम प्रत पाठवावी.' मिस्त्रींनी ते पत्र चार वेळा वाचले आणि बोट एका शब्दावर ठेवले. "संस्कार. म्हंजे मशीन शॉप हाय ह्यांच्याकडं."

आणि मग त्यांनी जी चूक केली ती फक्त पॅटर्नवालाच करू शकतो. अंतिम प्रतीत जिथे जिथे मजकूर जास्त आहे असे त्यांना वाटत होते, तिथे त्यांनी तो काढला नाही. समासात लाल पेन्सिलने उभी पट्टी ओढली आणि कंसात निरोप लिहिला. 'इथं जादा आहे. अर्धं काढा.' 'हे दोनदा आलंय. कुठलं ठेवायचं ते तुम्ही ठरवा.' 'इथं एक सूत घासा, जास्त नको.' अशा अठ्ठावन्न पट्ट्या. मी म्हणालो, "मिस्त्री, तुम्हीच काढून टाका की."

"कापणाऱ्याचं काम आपण करायचं न्हाय. त्याची नजर येगळी, त्याचं हत्यार येगळं. आपण माल सोडायचा आणि निरोप द्यायचा. मशीनवाल्यावर इस्वास नसंल त्यानं पॅटर्न करू नये."

शेवटच्या प्रकरणाच्या आधी, हिराबाई कारखान्याच्या फाटकातून शेवटची बाहेर पडते तिथे, त्यांनी लाल पट्टीशेजारी लिहिले होते, 'साहेब, इथवर वाचून काही शंका आली तर फोन करा. चहा पाजतो.' पुढे त्यांचा मोबाइल नंबर. मी हसलो. "संपादक चहाला येणार होय कोल्हापूरला?"

"यील की. शंका आली तर यील. एवढ्या मालात एकबी शंका न येणारा कसला कारागीर?"

मी सगळी पाने पाहिली. पट्ट्या मोजल्या, पानांचे क्रमांक तपासले आणि म्हणालो, "बरोबर आहे. कुणीही वाचले तर त्याला कळेलच." हे वाक्य मी उच्चारले. आयुष्यभर लोकांच्या मालावर फुल्या मारणाऱ्या मी, हा माल पास केला. आज ते वाक्य आठवले की स्वतःचाही राग येतो. वाक्य चुकीचे नव्हते. 'कुणीही वाचले तर', एवढी एकच अट होती त्यात.

प्रुफे आली नाहीत. विचारले तेव्हा उत्तर मिळाले की ती त्यांच्याकडेच तपासली जातात, लेखकाने निश्चिंत असावे. आठ महिन्यांनी प्रकाशन समारंभ ठरला, आमच्याच गावात, एका छोट्या सभागृहात, दुपारी चार वाजता. प्रकाशक सकाळीच आले. त्यांना उतरवून घ्यायला मी गेलो होतो. त्यांनी मला सात प्रश्न विचारले. तीन तांबड्या-पांढऱ्या रश्श्याबद्दल, दोन चपलांबद्दल, एक पन्हाळ्याला गाडी वरपर्यंत जाते का, आणि एक परतीच्या वेळेबद्दल. कादंबरीबद्दल शून्य.

समारंभाला मिस्त्री पांढऱ्या सदऱ्यात, खिशात सवयीने पट्टी. पहिल्या रांगेत मिस्त्रींच्या घरच्या, आमच्या वैनी आणि शेजारी हिराबाई, तीच शाल पांघरून. रंगीत कागद फाडून पुस्तक वर धरले, टाळ्या झाल्या, आणि प्रकाशक बोलायला उभे राहिले. "या भूमिपुत्राने आपल्या काळ्या आईचे दुःख... शेतमजूर स्त्रीची व्यथा..." हिराबाईंनी वैनींना मोठ्याने विचारले, "कुनाबद्दल बोलत्यात हे?"

मिस्त्रींचे लक्ष भाषणाकडे नव्हते. त्यांनी व्यासपीठावर बसून पुस्तक उघडले होते. पान उलटताना त्यांचा अंगठा कागदावरून फिरत होता, लाकडावरून फिरायचा तसा. एक्केचाळिसाव्या पानावर तो थांबला. ते पान मला आता पाठ आहे. 'हिराबाईने डबा उघडला इथं जादा आहे अर्धं काढा आणि आमटीत भाकरी कुस्करली.' कंससुद्धा ठेवले नव्हते. टंकलेखकाने समासातले शब्द दिसतील तिथे ओळीत ओतले होते. मिस्त्रींनी आणखी दहा-बारा पाने उलटली. मग पुस्तक मिटले आणि उलटे करून मांडीवर ठेवले.

त्यांची बोलायची पाळी आली. उभे राहिले, माईक जवळ ओढला आणि म्हणाले, "हिराबाई पुढं बसल्यात. त्यांचं नाव हिराबाई." आणि खाली बसले. लोकांना वाटले, भारावून गेले.

दुसऱ्या दिवशी मी मोजले. अठ्ठावन्न निरोपांपैकी अठ्ठावन्न छापलेले. एक ओळ कमी नाही, एक शब्द जास्त नाही. संस्कार शून्य. सुट्टी काढून मी त्या प्रकाशकाच्या कार्यालयात गेलो आणि टेबलावर पुस्तक उघडे ठेवले.

"पान एक्केचाळीस वाचा, साहेब."

त्यांनी वाचले. मग चष्मा काढून म्हणाले, "असं आहे, हल्ली प्रयोगशील लेखन बरंच येतं. आम्हाला वाटलं, हाही एक प्रयोग आहे."

"कुणाला वाटलं? संपादक मंडळातल्या कुणाला? एक नाव सांगा."

"तुम्ही फार चिडताय. वाचक इतकं बारकाईनं बघत नाही हो."

"मी वाचकाचं विचारत नाही. तुम्ही बघितलंत का?"

त्यावर त्यांनी चहा मागवला. मी तो घेतला नाही. चहा कशासाठी पाजतात हे मला मिस्त्रींनी शिकवले होते. पुन्हा छापणे शक्य नाही, पण उरलेल्या प्रती लेखकाला पाहिजेत तर खुशाल न्याव्यात, गोदामात जागा नाहीच, असे सांगून त्यांनी मला निरोप दिला. मी त्याच दिवशी टेम्पो ठरवला. तीनशे छापल्या होत्या, चौतीस समारंभात वाटल्या होत्या, दोनशे सहासष्ट मिस्त्रींच्या पुढच्या खोलीत आल्या. खोकी भिंतीला लावून त्यांनी वर गोणपाट टाकले. फौंड्रीत फुली मारलेला माल असाच झाकून ठेवतात, परत भट्टीत जाईपर्यंत.

पुढचा दीड महिना त्यांनी ते गोणपाट उचलून पाहिले नाही. मी दर रविवारी जायचो आणि प्रकाशकाला शिव्या घालायचो. निवृत्त झाल्यावर ते घरी पाट करायचे, तेच करत बसलेले असायचे. शेवटी एकदा म्हणाले, "त्येची चूक न्हाय, मायक्रोमीटर. मीच समजलो पुढं कोण तरी हाय म्हणून. पुढं कोणच न्हवतं." माझ्या शिव्यांनी जेवढे वाईट वाटले नाही तेवढे त्या वाक्याने वाटले. चाळीस वर्षे हा माणूस पुढच्याच्या भरवशावर माल सोडत आला होता.

आणि एका रविवारी सकाळी त्यांचा फोन वाजला. मी शेजारी होतो, आवाज मोठा होता, सगळे ऐकू आले.

"मिस्त्री बोलताय न्हवं? मी गारगोटी डेपोची कंडक्टर बोलतीया. तुम्ही फोन करा म्हणलाय, म्हणून केला."

"मी? कवा म्हणलो?"

"अवो, पान दोनशे अकरावर! 'इथवर वाचून शंका आली तर फोन करा.' माझ्या गाडीत कोण तरी पुस्तक इसरून गेलतं. तीन आठवडं झालं, स्टँडवर गाडी लागली की वाचतीया. शंका लय हैत."

मिस्त्री उभे राहिले. फोनवर बोलताना उभे राहणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "किती हैत?"

"अकरा."

समारंभात फुकट मिळालेले पुस्तक बसच्या सीटवर टाकून जाणारा तो कोण सद्गृहस्थ होता ते मला अजून शोधून काढायचे आहे. त्याला दोन शब्द सुनवायचे आहेत आणि मग त्याचे आभार मानायचे आहेत.

पुढच्या रविवारी कंडक्टरबाई आल्या. पस्तिशीच्या, खणखणीत आवाजाच्या. पर्समधून त्यांनी तिकीट मशीनच्या कागदाची एक गुंडाळी काढली आणि टेबलावर सोडली, ती पार खाली जमिनीपर्यंत गेली. तिच्या पाठीवर बारीक अक्षरात अकरा शंका लिहिल्या होत्या. "आधी मला वाटलं छापणाऱ्याला याड लागलंय," त्या म्हणाल्या. "मग कळलं, हे तुम्ही कुणाला तरी सांगताय आणि ते बेणं ऐकत न्हाय. मग मी तुम्ही म्हणलं तेवढं सोडून वाचलं. बरोबर हाय तुमचं. काढायलाच पायजे हुतं. पण तुमची छत्तिसावी सूचना चुकली बगा."

"ती कुठली?"

"हिराबाई घरला जाताना बसमधी झोपती आणि कंडक्टर तिला उठवत न्हाय, शेवटच्या थांब्याला न्हेती. ते काढा म्हणताय तुम्ही. का काढायचं? ते मी रोज करतीया."

मिस्त्रींनी खिशातून पट्टी काढली, उगाचच त्या पानावर ठेवली आणि मजकूर पुन्हा वाचला. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे ते. माझं माप चुकलं." चहा त्यांनी स्वतः केला, वैनींना उठू दिले नाही. तीन वेळा केला.

त्या दिवशी बाई गेल्यावर त्यांनी गोणपाट काढले. साच्यातून आलेल्या कास्टिंगच्या अंगावरचा फालतू माल छिन्नीने आणि ग्राइंडरने उडवतात, त्याला फेटलिंग म्हणतात. मिस्त्रींनी पुस्तकांचे फेटलिंग सुरू केले. पट्टी धरून, लाल शाईच्या पेनाने, एकेक प्रत. आत छापलेला निरोप खोडायचा, त्याने सांगितलेला मजकूर खोडायचा, तुटलेले वाक्य बारीक अक्षरात जोडायचे. छत्तिसाव्या ठिकाणी फक्त निरोप खोडायचा, मजकूर ठेवायचा. एका प्रतीला दीड तास. दिवसाला दोन. झालेल्या प्रती कंडक्टरबाई दोन-दोन करून घेऊन जात आणि वाटेवरच्या गावांतल्या वाचनालयांत देत.

मी म्हणालो, "मिस्त्री, दोनशे अकरावरची ओळ खोडायची राहिली तुमची. सगळ्या प्रतींत राहिलीय."

"राहिली न्हाय, ठेवलीय."

"पण ती निरोपातलीच आहे. संपादकासाठी होती."

"व्हय. आणि तो भेटला की."

नंतरच्या चार महिन्यांत आणखी पाच फोन आले, त्यांतले दोघे चहा पिऊन गेले. मिस्त्रींनी एकशे एकोणसत्तर प्रती पूर्ण केल्या. एकशे सत्तरावी उघडी होती, पान अठ्ठ्याण्णव, पट्टी पानावर, पेनाचे टोपण काढलेले. वैनी भाजी घेऊन आल्या तेव्हा ते खुर्चीतच गेले होते. दुपारचे साडेबारा वाजले होते.

प्रकाशकाने समाजमाध्यमावरच्या आपल्या पानावर श्रद्धांजली टाकली. सहा ओळी, चार चुका. वय चुकले, कादंबरीचे नाव चुकले, गाव चुकले, आणि व्यवसाय 'शेती' लिहिला. खाली शंभराहून जास्त लोकांनी हात जोडले होते. त्यांतल्या एकाने तरी पुस्तक उघडले असते तर मी हे लिहायला बसलो नसतो.

तेराव्यानंतर वैनींनी मला खोकी दाखवली. "भावजी, उरलेल्यांचं काय करायचं?"

मी मोजली. उघडी धरून सत्त्याण्णव. "मी करतो," म्हणालो.

"करा. ह्यांच्या नंबरावर फोन येत्यात. मी घेती, या म्हणती, चहा करती. पर लोकं शंका इचारत्यात. त्यातलं मला काय कळतंय? तुम्ही उरलेल्यांत तुमचा नंबर घाला."

माझे अक्षर मिस्त्रींसारखे नाही आणि हातही तेवढा स्थिर नाही. मला एका प्रतीला दोन तास लागतात, म्हणून रविवारी एकच करतो. त्यांची खोटी पट्टी वैनींनी मला दिली आहे, रेघा तिनेच ओढतो. सरळ रेघेला फूट किती लांब आहे याने फरक पडत नाही. काल तेविसावी प्रत झाली. छप्पन्न ठिकाणी निरोप आणि मजकूर खोडतो, छत्तिसाव्या ठिकाणी नुसता निरोप, आणि मोजून बघतो. दोनशे अकराव्या पानावर ओळ ठेवतो. फक्त मिस्त्रींचा नंबर खोडतो, खाली माझा लिहितो, आणि शाई वाळेपर्यंत पान उघडे ठेवतो.